जोतीआप्पांचा चंद्राचा खटला

घरात मांजरीनं दूध प्यालं तर आपण मांजरीला हाकलतो. आमचे शेजारी जोतीआप्पा आधी विचारायचे, "पिताना बघितलं कुणी?"

त्यांच्या मंडळी सोनाकाकू म्हणायच्या, "अवो, मिशांना साय लागलीया तिच्या. आनी काय बघायचं?"

"सायीवरनं गुन्हा शाबीत होत न्हाय. साय दुसऱ्याच्या घरची असंल."

एवढा न्यायनिवाडा होईपर्यंत मांजर उरलेलं दूध संपवून कौलावर जाऊन बसलेली असायची.

तसं बघितलं तर यात आप्पांचा काय दोष? उभा जन्म त्यांनी निपाणीत एका वकिलाकडं कारकुनी केली. वकील पुढं आणि आप्पा मागं, काखेत कागदांचं बोचकं. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्याच्या कपड्यात वास मुरतो ना, तशी कोर्टाची भाषा त्यांच्या अंगात मुरली होती. भाजीवाली आधी वांगी आजची म्हणाली आणि मग चुकून "काल आणली तवा" असं बोलून गेली, की आप्पा पिशवी खाली ठेवायचे. "जबानी बदलली बघ तुझी." ती बिचारी घाबरून एखादं वांगं जादा टाकायची. काम सोडून घरी बसले तरी काळी टोपी सुटली नाही. अंगात नुसतं बनियन असलं तरी डोक्यावर टोपी. आंघोळीपुरती ती खुंटीवर जायची, आणि तेवढा वेळ आप्पा कुणाशी बोलत नसत.

आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून. त्यांच्याकडचं निम्मं मला माझ्या चुलीपाशी बसून ऐकू यायचं, राहिलेलं सोनाकाकू दुपारी येऊन सांगायच्या. म्हणून हा खटला मला पहिल्यापासून ठाऊक. खटला म्हणजे चंद्राचा.

त्यांना एकुलती लेक, मालू. तोंडभर हसणारी, वाऱ्यासारखी घरभर फिरणारी. ती बोरगावला दिली. जावई वसंतराव तिथल्या हायस्कुलात विज्ञानाचे मास्तर. चष्मा, सडपातळ अंग, आणि बोलणं इतकं हळू की पुढच्या बाकावरच्या पोरांनाच शिकवत असतील असं वाटावं.

पहिल्या दिवाळसणाला ते आले, तेव्हा वाढायला मदत म्हणून मी तिथंच होते. सासरा-जावई शेजारी शेजारी पाटावर. आप्पांना कोर्टाबाहेरचं बोलता यायचं नाही आणि मास्तरांना शाळेबाहेरचं. दोघंही खाली मान घालून करंज्या मोडत होते. दारात मालू उभी, कधी बापाकडं बघतेय, कधी नवऱ्याकडं. तिचा जीव टांगणीला लागलेला दिसत होता. बरं, आप्पांचा स्वभाव असा, की पहिल्या भेटीत बोलणं झालं नाही तर जन्मभर होणार नाही.

शेवटी वसंतरावांनीच धीर केला. "काळ कसा जातोय बघा मामा. माणूस चंद्रावर जाऊन आला, त्याला सुदिक आता बरीच वर्षं झाली."

आप्पांचा घास हातातच राहिला. "कोण गेलतं?"

"अमेरिकेचे लोक."

"बघितलं कुणी?"

"सगळ्या जगानं बघितलं, मामा. पेपरात फोटो आलते."

"फोटो कुणी काढला?"

मास्तर थोडे गोंधळले. "म्हंजे… त्यांनीच. मशीन होतं."

"पहिला माणूस शिडीवरनं उतरतानाचा फोटो हाय का न्हाय?"

"हाय."

"मग खाली उभा राहून फोटो काढणारा कोण? त्यो आधी उतरला असणार. मग पहिला त्योच की. त्याचं नाव का दडवलंय?"

मी हातातलं वरणाचं पातेलं तसंच धरून उभी. मालूनं तोंडाला पदर लावला होता. वसंतराव समजावू लागले, यंत्र कसं, तारा कशा, चित्र कसं येतं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, आमच्या मालूच्या लग्नात फोटोवाला हातभर अंतरावर हुबा हुता. त्यानं माझं मुंडकं कापलं. टोपी न्हाय, डोकं न्हाय, नुसता कोट आलाय. आनी तितं चंद्रावर, माणूस न्हाय काणूस न्हाय, पायाच्या बोटापासनं समदं बैजवार आलं?"

त्या दिवशी जेवण उठायला तिन्हीसांजा झाल्या. शेवटी सोनाकाकू आतून कानडीत ओरडल्या, "साकु, साकु," म्हणजे पुरे आता. आप्पा हात धुता धुता म्हणाले, "आज वेळ संपला. पुढची तारीख येत्या ऐतवारी." जावयानं हसून मान डोलावली. त्यांना वाटलं चेष्टा आहे. पण ऐतवारी येताना ते पेपरातली कात्रणं घेऊन आले, आणि तिथंच अडकले.

मग हा रिवाजच पडला. ऐतवारी सकाळची बोरगावची गाडी आली की वसंतराव गल्लीच्या तोंडाला दिसायचे, कधी मालूला घेऊन, कधी एकटे. आप्पा कट्ट्यावर टोपी घालून तयार. पाणी, गूळ, चहा, आणि लगेच कामकाज सुरू.

आप्पांचे मुद्दे कोर्टातल्या लोकांना सुचावेत असलेच. मास्तर म्हणाले, "त्यांनी तिथले दगड आणलेत." आप्पा म्हणाले, "मुद्देमाल आणला? बरं झालं. आता मला सांगा, आपल्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तंबाखूचं एक बोचकं न्यायचं म्हटलं तर गाडी थांबवत्यात, कागूद बघत्यात, ताडपत्री सोडाय लावत्यात. ह्यांनी चंद्रावरनं पोतं भरून दगूड आणलं आनी कुटंच कुणी अडवलं न्हाय?"

"तितं नाका न्हाय, मामा."

"नाका न्हाय असा मुलूख दाखवा मला. मी बाडबिस्तरा घेऊन राह्याला जातो."

झेंड्याची सुनावणी तर फार रंगली. तिथं त्यांनी झेंडा रोवला, एवढं मास्तरांच्या तोंडून निघायचा अवकाश, आप्पा कट्ट्यावरून उठून उभे राहिले. "कुणाच्या जमिनीत रोवला? एवढी मोकळी जागा, आनी एकाची बी हरकत आली न्हाय? हितं आमचं गाव कुणाचं ह्येच अजून ठरंना. सरकारी पाटी कुटल्या भाषेत लावायची म्हटलं तर दगडं पडत्यात. आनी ह्यांनी सरळ झेंडा रोवला आनी आले चहा प्यायला घरी. लबाड हाय ही गोष्ट, मास्तर. एक तरी दावा लागला असता."

यावर सगळा कट्टा हसला, वसंतरावसुद्धा. सीमेचं दुखणं आमच्याकडं घरोघरचं, पण चंद्रावर नेऊन त्याची मलमपट्टी करणारे आप्पा एकटेच.

साक्षीदार म्हणून मलाही एकदा उभं केलं होतं. "आक्का, तुमी संकष्टी करता. दर महिन्याला चंद्र बघता. कवा माणूस दिसला?"

मी म्हणाले, "आप्पा, मला चष्म्याबिगार समोरची म्हस दिसत न्हाय."

"साक्षीदार फुटला," असं म्हणून त्यांनी मला घरी पाठवलं. सोनाकाकूंचं मात्र धोरण पक्कं होतं. गेला असंल तर गेला, न्हायतर न्हाय गेला. पण चंद्र उगवायची वेळ कॅलेंडरात बरोबर छापा म्हणावं, पोटात कावळे वरडत असत्यात.

मालू मला एकदा विहिरीवर म्हणाली, "आक्का, आप्पा ह्यांच्यासंगट जेवढं बोलत्यात ना, तेवढं माझ्याशी जन्मात बोललं न्हाईत." सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ते आनंदाचं. बापाला जावई आवडलाय, ही गोष्ट तिला त्या भांडणातून कळत होती. आप्पा ती सरळ शब्दांत कधीच सांगणार नव्हते.

लग्नाला दोन वर्षं होत आली आणि मालूला कावीळ झाली. झाडपाला झाला, मिरजेला नेलं, सगळं केलं. पोरगी राहिली नाही. पदरात मूल नव्हतं. ते दिवस मी इथं लिहीत नाही. लिहून काय करायचं?

दिवस-वार उरकले. त्यानंतरच्या ऐतवारी वसंतराव आले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मनात धरलं होतं की ही शेवटची भेट. लेक गेली, लेकीच्या पोटचं काही मागं नाही, मग जावयाचा धागा कशाला बांधून राहायचा? जगाची रीत तशीच आहे. दोघं कट्ट्यावर बसले. चहा निवून गेला. रस्त्यानं म्हशी गेल्या, त्यांच्यामागं गुराखी गेला. मी दारात तांदूळ निवडत होते. माझी मान वर होईना.

मग आप्पांनी घसा खाकरला. "मास्तर, ते फोटोत आभाळ काळं कसं, ह्येचा खुलासा तुमी दिल्याला न्हाय."

वसंतरावांनी वर बघितलं.  मग हळूच म्हणाले, "तितं हवा न्हाय, मामा."

"हवा न्हाय तर पुढच्या ऐतवारी हवा न्हाय ह्येचा पुरावा आणा."

गल्लीत आप्पांना लोकांनी नावं ठेवली. माणूस आहे का दगड, लेकीची राख थंड झाली नाही तोवर ह्याला चंद्र सुचतोय. आमचे हे सुद्धा जेवताना म्हणाले, "कोर्टात राहून माणसाचं काळीज कोरडं हुतंय बघ." पण मला ऐतवारचा आप्पांचा चेहरा दिसायचा आणि शनिवारचाही दिसायचा. शनिवारी ते दिवसभर मुद्दे काढत बसत, तोंडातल्या तोंडात पुटपुटत. दोनदा मला हाक मारून विचारलं, "आक्का, उद्या पाऊस येनार न्हाय न्हवं? गाडी चिखलात रुतंल." पाऊस कुठला, माघ महिना होता.

सहाएक महिने गेले. वसंतराव एकटे येत, एकटे जात. वाळले होते. बोरगावात त्यांच्या आईनं दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला होता. सोनाकाकूंना बाजारात कुणीतरी सांगितलं आणि त्या तशाच पिशवी घेऊन माझ्याकडं आल्या. "करू देत की, आक्का. तरणा जीव हाय. पर मग हिकडं कशाला येतील?" एवढं बोलून त्यांनी भाजी माझ्याच परातीत ओतली आणि निवडायला बसल्या. आप्पांना सांगितलं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "सांगितलं. म्हनलं, पाव्हणं लगीन करनार हाईत. त्यांनी एवढंच इचारलं, मग ऐतवारी याचं बंद हुनार का."

त्याच आठवड्यात वसंतराव आले. हातात पिशवी होती ती खाली ठेवलीच नाही. कट्ट्याच्या कडेला टेकले आणि एका दमात म्हणाले, "मामा, मी हरलो."

"काय हरला?"

"चंद्राचं. तुमचं बरोबर हाय. कुणी गेलं न्हवतं. सगळं खोटं. मी मान्य करतो."

बघा, पोरगा विज्ञानाचा मास्तर. त्याला काय ठाऊक नव्हतं? पण निरोप घ्यायचा, तर म्हाताऱ्याच्या ओंजळीत काहीतरी टाकून घ्यावा, असं त्याला वाटलं असणार. त्यानं आपल्या परीनं चांगलंच केलं. आम्हाला वाटलं आप्पा खूश होतील, गल्लीभर सांगत सुटतील.

आप्पांचा चेहरा उतरला. कोर्टात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला निकाल म्हणजे काय हे आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. निकाल लागला की दोन्ही पक्षकार आपापल्या गावाला जातात, पुन्हा कोण कुणाला भेटतो?

"म्हंजे मिटलं?" त्यांनी विचारलं.

"मिटलं, मामा."

आप्पा उठून आत गेले. माठातलं पाणी प्याल्याचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला. बराच वेळ बाहेर आले नाहीत. वसंतराव उठून उभे राहिले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात आप्पा बाहेर आले. टोपी सरळ केली, बसले आणि म्हणाले, "न्हाय, पर मी काय म्हंतो मास्तर. मला आता येगळीच शंका याय लागलीया. गेले असतील की वो ते."

माझ्या दारात मी पाखडत होते, ते सूप खाली ठेवलं.

"कोण गेले असतील?" वसंतराव.

"चंद्रावर. एवढा झेंडा शिवला, एवढं दगूड आणलं, कोन उगंच कशाला करंल? आनी फोटो बगा की. पायाच्या बोटापासनं समदं आलंय. खोटा फोटो असता तर कुटंतरी मुंडकं कापलंच असतं. मला तर वाटाय लागलंय, गेलतेच."

गेल्या दोन-अडीच वर्षांत जे जे पुरावे आप्पांनी पायाखाली तुडवले होते, ते सगळे त्यांनी एकेक करून उचलले, झटकले आणि आपल्या बाजूला मांडले. बोलताना जावयाकडं बघत नव्हते. समोरच्या घराच्या कौलाकडं बघत होते. आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा.

वसंतराव ऐकत राहिले. त्यांच्या चष्म्यावर काहीतरी आलं असावं, त्यांनी तो काढला, धोतराला पुसतात तसा शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग पिशवी खाली ठेवली आणि आप्पांच्या शेजारी नीट मांडी घालून बसले.

"पर मामा," ते म्हणाले, "बघितलं कुणी?"

त्या दिवसापासून खटल्याच्या बाजू बदलल्या. बोरगावचा विज्ञानाचा मास्तर छातीठोकपणे सांगू लागला की चंद्रावर कुणी गेलेलं नाही, आणि आमचे जोतीआप्पा अमेरिकेच्या वतीनं उभे राहिले. कधी कधी बाजू मध्येच उलटायची, दोघांच्याही ध्यानात यायचं नाही. एकदा वसंतरावांनी आल्या आल्याच विचारलं, "मामा, आज मी कुटल्या बाजूनं?" आप्पा म्हणाले, "तुमाला जी सोयीची पडंल ती. मी हाय उरल्याल्या बाजूनं."

लग्न व्हायचं ते झालं. बेळगावच्या खासबागेतली मुलगी, सुमन नाव, घरी हातमाग. लग्नाला आप्पा-काकू गेले नाहीत. जायची रीतही नाही आणि जाववलंही नसतं. आप्पांनीच वसंतरावांना बजावून सांगितलं होतं, "मनाला लावून घिऊ नका. मालू असती तर तिनंच सांगितलं असतं." काय सांगितलं असतं, ते मला काही कळलं नाही. वसंतरावांना कळलं असेल.

आणि मग ऐतवार यायचा, बोरगावची गाडी यायची, गाडीतून माणसं उतरायची, पण वसंतराव उतरायचे नाहीत. नवी बायको घरात, तिला टाकून पहिलीच्या माहेरी कसं जायचं? आणि तिला घेऊन तर कसं यायचं? त्यांचीही अडचण दिसत होती. आप्पा टोपी घालून कट्ट्यावर बसत. दुपारी उठून आत जात. कुणी विचारलंच तर म्हणत, "पक्षकार गैरहजर."

शेवटी सोनाकाकूंनीच मनावर घेतलं. आमच्याकडं पहिलीच्या जागी दुसरी आली की तिला पहिलीच्या माहेरी बोलावून ओटी भरतात. पुष्कळ ठिकाणी खण-नारळ देतात आणि मोकळे होतात, दोन्हीकडनं एकदा तोंडं बघितली की झालं. काकू म्हणाल्या, "आपन बोलवाय जाऊ. आली तर आली. आक्का, तू बी चल. मला तिच्या म्होरं एकटीला बोलाय व्हायाचं न्हाय."

तिघं बोरगावला निघालो. ऊन रणरणत होतं. गाडीत आप्पा खिडकीशी बसून नवा मुद्दा घोळवत होते. काकू नुसत्या मांडीवरची पिशवी कुरवाळत होत्या. 

सुमन दारात आली. सावळी, भरल्या अंगाची, कपाळावर मोठं कुंकू. घाबरलेली दिसत होती. वाकून तिघांच्या पाया पडली. वसंतराव धावत बाहेर आले, "मामा, मामी, कळवायचं न्हाय का," म्हणाले आणि घोंगडं अंथरायला लागले. त्यांची आई शेताकडं गेली होती. सुमननं तांब्या-भांडं आणून आप्पांच्या पुढं ठेवलं. आप्पांनी ते हळूच बाजूला सारलं.

मी पाणी प्याले. घशाला कोरड पडली होती, मी तर घटाघटा प्याले. काकूंनी हात पुढं केला होता, आप्पांकडं बघितलं आणि मागं घेतला.

थोड्या वेळानं चहा आला. वेलची घातलेला, वास सगळ्या सोप्यात पसरला. आप्पांनी कपाला हात लावला नाही. काकूंनीही नाही. मला आप्पांचा असा राग आला म्हणून सांगू. इतक्या लांब बोलावणं करायला यायचं आणि पोरीच्या हातचं पाणी नाकारायचं? मेलेल्या लेकीच्या जागी आली एवढाच काय तो तिचा अपराध. चहावर साय धरायला लागली. सुमन कपाकडं बघायची, आप्पांकडं बघायची, मग पायाच्या अंगठ्याकडं. शेवटी आत निघून गेली.

मी मागोमाग गेले. ती चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून उभी होती.

"मला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "त्यास्नी मी नको असनार. मी तरी कुनाच्या जागंवर याचं म्हनून आले व्हय, मावशी? घरच्यांनी ठरवलं. म्या आल्यापासनं त्यांच्या मालूचं काय बी हलवलं न्हाय. तिचा आरसा सुदिक हाय तितंच हाय."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. 

बाहेर वसंतरावांच्याही ध्यानात आलं होतं. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण आज जरा चढलाच. "मामा, चहा घ्या की. तिनं केलाय. माझ्यावर राग असंल तर माझ्यावर काढा."

आप्पा गडबडले. "राग? कसला राग?"

"मग पाणी सुदिक घेतलं न्हाय तुमी."

आप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. मी दाराच्या फटीतून बघत होते, बिनटोपीच्या आप्पांना बोलताना मी कधी बघितलंच नव्हतं. डोक्यावर चार पांढरे केस, आणि चेहरा एखाद्या चुकलेल्या पोरासारखा.

"अवो, लेकीच्या घरचं पानी कसं पिऊ?" ते म्हणाले. "तिला लेकरू तरी हुंदे."

चुलीपाशी सुमननं भिंतीकडची मान दाराकडं वळवली.

ही आमच्याकडची जुनी रीत. लेक दिलेल्या घरी आईबाप पाणीसुद्धा पीत नाहीत, तिच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत. आप्पा मालूकडं यायचे तेव्हाही असेच कोरडे बसायचे आणि कोरडे परत जायचे. माझ्या ध्यानात कशी आली नाही कोण जाणे. सुनेच्या घरचं पाणी चालतं, सोयऱ्याच्या घरचं चालतं, परक्याच्याही घरचं चालतं. चालत नाही ते फक्त लेकीच्या घरचं.

सुमननं पदरानं तोंड पुसलं. बाहेर गेली. दोन्ही कप उचलले, तांब्या-भांडं उचललं. वसंतरावांची आई लग्नापासून तिला शिकवत होती, निपाणीची माणसं आली तर 'मामा' म्हण, 'मामी' म्हण. ती दारापाशी थांबली.

"ऊन लई हाय, आप्पा," ती म्हणाली. "आयेला घेऊन सावलीसावलीनं जावा. ऐतवारी आमी दोघं येतोय."

आप्पांनी मान हलवली.  चंद्राचा नवा मुद्दा गाडीपासून तयार होता, तोही तसाच राहिला. काकू मात्र पिशवीतला खण काढून हातात धरून बसल्या होत्या, तो पुन्हा आत ठेवत म्हणाल्या, "मग ऐतवारीच भरू. घरात भरू."

परत निघालो. स्टँडवर उसाच्या रसाचा गाडा होता. आप्पा एका दमात एक ग्लास प्याले, तोंड पुसलं नाही तोवर दुसरा मागितला. तो निम्मा झाल्यावर जरा थांबले.

"चहात साखर जादा घातली हुती पोरीनं," ते म्हणाले.

"तुमी कुटं प्यालासा?" काकूंनी विचारलं.

"वासावरनं कळतं. तिला सांग जरा. संसाराला लागलीया, हात राखून वापर म्हनावं."

काकूंनी त्यांच्या हातातला ग्लास घेतला आणि राहिलेला रस आपण प्यायल्या.